नौदलप्रमुख रामदास कटारी

परभणी जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. देवगाव फाट्यावरून निघालेल्या माणसाला समुद्र पाहायचा असेल, तर रात्रभर प्रवास करून मुंबई गाठावी लागते. आपल्या जिल्ह्यातून गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्या वाहतात. पण त्यांच्यात जहाजे चालत नाहीत. त्यामुळे नौदल म्हणजे किनाऱ्यावरच्या लोकांचे काम, आपला त्याच्याशी काय संबंध, असे आपल्याकडच्या मुलांना वाटते.

हा समज बरोबर नाही. १९४८ पर्यंत परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानालाही समुद्रकिनारा नव्हता. त्याच संस्थानाच्या राजधानीत शाळा शिकलेला एक मुलगा १९२७ साली मुंबईला जहाजावरचे शिक्षण घेण्यासाठी गेला. दुसऱ्या महायुद्धात तो नौदलाचा राखीव अधिकारी झाला आणि १९५८ साली भारताचा पहिला भारतीय नौदलप्रमुख झाला. त्यांचे नाव रामदास कटारी.

रामदास कटारी यांचा जन्म ८ ऑक्टोबर १९११ रोजी मद्रासजवळच्या चेंगलपट्टू या गावी झाला. त्यांचे शालेय शिक्षण हैदराबादेत झाले. त्या वेळी देशावर इंग्रजांचे राज्य होते. समुद्रावरच्या कामात भारतीय माणसे पुष्कळ होती. कोकणातले, गुजरातचे आणि बंगालचे हजारो खलाशी इंग्रजी जहाजांवर राबत होते. ते दोरखंड ओढत, डेक घासत, भट्टीत कोळसा टाकत. परंतु हुकूम देणारा अधिकारी मात्र इंग्रजच असे. जहाज चालवण्याची विद्या भारतीय मुलांना शिकवण्याची सोयच देशात नव्हती.

ही स्थिती बदलावी म्हणून काही माणसे धडपडत होती. सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिंदिया ही भारतीय जहाज कंपनी काढली. तिचे ‘लॉयल्टी’ नावाचे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाले. आजही ५ एप्रिल हा दिवस आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. जहाजे भारतीयांची झाली, तर अधिकारीही भारतीय हवेत, अशी मागणी वाढू लागली. शेवटी १९२७ साली सरकारने मुंबईच्या माझगाव किनाऱ्याजवळ ‘डफरिन’ नावाचे जुने जहाज नांगरून ठेवले आणि त्यावर शाळा सुरू केली. या शाळेच्या अगदी पहिल्या तुकडीत रामदास कटारी दाखल झाले. तेव्हा त्यांचे वय सोळा वर्षांचे होते.

डफरिनवरची शाळा आपल्या शाळेसारखी नव्हती. तिथे वर्ग जहाजावर, जेवण जहाजावर आणि झोपही जहाजावरच. पुस्तकी अभ्यासाबरोबर होडी वल्हवणे, दोरखंडाच्या गाठी मारणे, समुद्राचे नकाशे वाचणे आणि सूर्य व तारे पाहून जहाजाची जागा काढणे अशी कामे शिकावी लागत. या कामांना गणित पक्के लागते. एका अंकाची चूक झाली तरी जहाज खडकावर जाऊ शकते. कटारी या शाळेतून उत्तम विद्यार्थी म्हणून बाहेर पडले. त्यांना व्हाइसरॉयचे सुवर्णपदक मिळाले.

सुवर्णपदक मिळाले, पण नौदलाचे दार उघडले नाही. इंग्रजांच्या ताब्यातील या नौदलात पहिल्या भारतीयाला अधिकारीपद मिळाले तेच मुळी १९२८ साली. ते होते डी. एन. मुखर्जी, आणि तेही इंजिन विभागात. दर वर्षी अगदी मोजक्या भारतीय तरुणांना प्रवेश मिळे. कटारींनी मग दुसरा मार्ग धरला. ते कलकत्ता बंदराच्या सेवेत गेले आणि हुगळी नदीच्या मोजणीचे काम करू लागले.

हे काम दिसायला साधे, पण फार जबाबदारीचे होते. कलकत्ता हे बंदर समुद्रावर नाही. समुद्रातून आलेल्या जहाजांना हुगळी नदीतून बराच प्रवास करून तिथे पोहोचावे लागते. नदी गाळ वाहून आणते. आज जिथे खोल पाणी आहे तिथे काही दिवसांनी वाळूचा ढीग तयार होतो. म्हणून नदीचा तळ पुनःपुन्हा मोजून नकाशे दुरुस्त करावे लागतात. पाण्याखाली काय आहे हे डोळ्यांना दिसत नाही. ते मोजून, ताडून आणि अनुभवाने ओळखावे लागते. कटारींनी हे काम मन लावून केले. न दिसणाऱ्या गोष्टीचा नेमका अंदाज घेण्याची ही सवय पुढे युद्धात त्यांच्या उपयोगी पडणार होती.

सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले. त्या वेळी रॉयल इंडियन नेव्ही, म्हणजे इंग्रजांच्या ताब्यातील भारताचे नौदल, अगदी लहान होते. त्याच्याजवळ फक्त आठ युद्धनौका होत्या. एवढ्या बळावर कराचीपासून कलकत्त्यापर्यंतचा किनारा आणि व्यापारी जहाजांचे मार्ग सांभाळणे शक्य नव्हते. जहाजे बांधता किंवा विकत घेता येतात. पण जाणते अधिकारी एका दिवसात तयार होत नाहीत. तेव्हा सरकारने राखीव दलाकडे धाव घेतली.

राखीव दल म्हणजे काय, हे समजून घेऊ. शांततेच्या काळात हे लोक आपापला व्यवसाय करतात. युद्ध आले की त्यांना गणवेश चढवून कामावर बोलावले जाते. राखीव अधिकारी दोन प्रकारचे होते. व्यापारी जहाजांवर काम केलेले, समुद्राची माहिती असलेले लोक एका दलात जात. वकील, शिक्षक, कारकून, विद्यार्थी अशा इतर लोकांसाठी स्वयंसेवकांचे वेगळे दल होते. नियमित नौदलातील अधिकाऱ्यांच्या बाहीवरील सोनेरी पट्टे सरळ असत. राखीव अधिकाऱ्यांचे पट्टे गुंफलेले किंवा नागमोडी असत. त्यामुळे कोण कायमचा आणि कोण युद्धापुरता, हे बाहीकडे पाहताच कळे. युद्ध संपले की राखीव माणसाने घरी जायचे, अशी पद्धत होती. काम मात्र दोघांचे सारखेच. समुद्रात बुडताना पाणी कोणाचे पट्टे पाहत नाही.

कटारी युद्धाच्या आरंभीच राखीव अधिकारी म्हणून नौदलात आले. युद्धकाळात त्यांनी अटलांटिक आणि हिंदी महासागरात काम केले. पाणबुडीविरोधी युद्ध हा त्यांच्या खास अभ्यासाचा विषय ठरला.

हे काम किती महत्त्वाचे होते, हे पाहण्यासाठी त्या वेळची परिस्थिती लक्षात घेतली पाहिजे. जर्मनी आणि जपान यांच्या पाणबुड्या पाण्याखाली लपून राहत आणि जाणाऱ्या जहाजावर टॉर्पेडो सोडत. अन्नधान्य, तेल, औषधे, सैनिक आणि साधे प्रवासीसुद्धा त्यांच्या तडाख्यातून सुटत नसत. नोव्हेंबर १९४२ मध्ये ‘तिलावा’ नावाचे प्रवासी जहाज मुंबईहून आफ्रिकेकडे निघाले होते. त्यात बायका-मुले घेऊन जाणारी भारतीय कुटुंबे होती. २३ नोव्हेंबर रोजी जपानी पाणबुडीने ते बुडवले. सुमारे २८० माणसे मरण पावली. या युद्धात व्यापारी जहाजांवर काम करणाऱ्या सहा हजारांहून अधिक भारतीय खलाशांचे प्राण गेले. त्यांच्यापैकी कितीतरी जणांच्या घरी शेवटची चिठ्ठीसुद्धा पोहोचली नाही.

अशा जहाजांच्या रक्षणासाठी ताफ्याची पद्धत होती. वीस, तीस, कधी त्याहून जास्त व्यापारी जहाजे एकत्र निघत आणि भोवताली युद्धनौका पहारा देत. मेंढ्यांच्या कळपाभोवती धनगराचे कुत्रे फिरतात, तसा हा पहारा असे. ताफ्याचा वेग सर्वांत सावकाश चालणाऱ्या जहाजाएवढा ठेवावा लागे. दिवस-रात्र, ऊन-पाऊस, वादळ काहीही असो, पहारा थांबत नसे.

पाण्याखालची पाणबुडी शोधायची कशी? त्यासाठी ‘ॲस्डिक’ नावाचे यंत्र होते. जहाजाच्या तळातून पाण्यात आवाज सोडला जाई. तो एखाद्या वस्तूवर आपटला की त्याचा प्रतिध्वनी परत येई. पाण्यात आवाज एका सेकंदात सुमारे दीड हजार मीटर जातो. आवाज जाऊन परत यायला दोन सेकंद लागले, तर ती वस्तू सुमारे दीड हजार मीटर अंतरावर आहे, असे समजायचे. विहिरीत हाक मारली की आपला आवाज परत येतो, तसाच हा प्रकार आहे.

ऐकायला हे सोपे वाटते. प्रत्यक्षात ते फार अवघड होते. माशांच्या थव्यावरूनही प्रतिध्वनी येतो. व्हेल माशावरून येतो, बुडालेल्या जुन्या जहाजावरूनही येतो. हिंदी महासागरात वरचे पाणी गरम आणि खालचे थंड असते. अशा पाण्यात आवाज वाकडा जातो आणि पाणबुडी जवळ असूनही सापडत नाही. म्हणून यंत्राजवळ बसलेल्या माणसाचा कान तयार असावा लागे. परत आलेल्या आवाजाचा सूर किंचित वर गेला, तर पाणबुडी आपल्याकडे येत आहे. खाली गेला, तर ती दूर पळत आहे. हा बारीक फरक ओळखावा लागे.

पाणबुडी सापडली की जहाज तिच्या दिशेने वेगाने जाई आणि पाण्यात स्फोटक पिंपे टाकी. एकेका पिंपात सुमारे १३० किलो स्फोटक दारू असे. ते ठरावीक खोलीवर गेले की पाण्याच्या दाबाने फुटे. पण इथेही एक अडचण होती. जहाज पाणबुडीच्या अगदी जवळ आले की ॲस्डिकला ती ऐकू येईनाशी होई. शेवटचे काही क्षण अधिकाऱ्याला केवळ अंदाजावर काढावे लागत. पाणबुडीचा कप्तानही हुशार असे. तो नेमक्या त्याच क्षणी वळण घेई. तो कुठे वळेल, किती खोल जाईल, हे जहाजावरच्या अधिकाऱ्याने मनात ओळखून हुकूम द्यायचा असे. हुकूम चुकला, तर पाणबुडी सुटे आणि ताफ्यातील पुढचे जहाज बुडे. हुगळीचा न दिसणारा तळ ज्यांनी वर्षानुवर्षे मोजला, त्या कटारींनी हेच शास्त्र निवडले, यात नवल नाही.

ही विद्या शिकवण्यासाठी नौदलाने मुंबईजवळ वर्सोवा येथे शाळा काढली होती. तिचे नाव ‘मछलीमार’. मछलीमार म्हणजे मासे मारणारा कोळी. पाणबुडीरूपी मासा मारायला शिकवणाऱ्या शाळेला हे नाव अगदी शोभणारे होते.

भारतीय नौदलाने या युद्धात काय केले, याची दोन उदाहरणे सांगतो. पहिले उदाहरण कटारींसारख्याच दुसऱ्या एका राखीव अधिकाऱ्याचे आहे. त्याचे नाव विल्सन. तो ‘बेंगाल’ या छोट्या सुरुंगशोधक जहाजाचा प्रमुख होता. ११ नोव्हेंबर १९४२ रोजी बेंगाल हिंदी महासागरातून ‘ओंदिना’ नावाच्या डच तेलवाहू जहाजाला सोबत करत होते. वाटेत दोन मोठी जपानी लढाऊ जहाजे आडवी आली. बेंगालचे वजन जेमतेम साडेसहाशे टन होते आणि त्यावर मोठी म्हणावी अशी एकच तोफ होती. समोरचे एकेक जहाज दहा हजार टनांचे होते. विल्सनने ओंदिनाला निसटून जाण्याची खूण केली आणि स्वतःचे जहाज सरळ शत्रूच्या दिशेने वळवले. लढाईत ‘होकोकू मारू’ या जपानी जहाजाला आग लागली, मोठा स्फोट झाला आणि ते बुडाले. ओंदिनाचे बरेच नुकसान झाले, तिचा कप्तान मारला गेला. तरी ती तगली. बेंगालही सुखरूप परतले. त्या काळी नौदलातले खलाशी मुख्यतः कोकणातील रत्नागिरी भागातून आणि पंजाबातून येत. त्यांत मुसलमान खलाशी मोठ्या संख्येने होते.

दुसरे उदाहरण ऐकून परभणीकरांना विशेष वाटेल. आपल्या नदीचे नाव असलेली ‘गोदावरी’ ही युद्धनौका १९४३ साली नौदलात आली. १९४४ च्या ऑगस्टमध्ये सेशेल्स बेटांजवळ ‘यू-१९८’ या जर्मन पाणबुडीचा शोध सुरू होता. ‘शाह’ आणि ‘बेगम’ या विमानवाहू जहाजांवरची विमाने तिचा माग काढत होती. १२ ऑगस्ट रोजी गोदावरी आणि ‘फाइंडहॉर्न’ या इंग्रजी युद्धनौकेने मिळून तिला बुडवले. पाणबुडीतील सर्वच्या सर्व ६६ जण मरण पावले. त्यांचीही घरे होती, त्यांच्याही आया वाट पाहत होत्या. युद्ध कोणत्याही बाजूने जिंकले तरी त्यात असे दुःख असतेच, हे आपण विसरू नये.

१९४५ साली युद्ध संपले. आठ युद्धनौकांचे नौदल आता शंभरावर नौकांचे झाले होते आणि त्यात सुमारे तीस हजार माणसे होती. या वाढीचा मोठा भार राखीव अधिकाऱ्यांनी उचलला होता. आता नियमाप्रमाणे त्यांनी घरी जायचे होते. बहुतेक जण गेलेही. कोणी पुन्हा व्यापारी जहाजांवर गेले, कोणी आपल्या जुन्या नोकरीवर. परंतु काही थोड्या निवडक अधिकाऱ्यांना नौदलाने कायम ठेवून घेतले. त्यांत रामदास कटारी होते. त्यांच्या बाहीवर आता सरळ पट्टे आले.

यानंतरचा काळ खळबळीचा होता. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईच्या ‘तलवार’ या नौदल केंद्रात खलाशांनी संप केला. निकृष्ट अन्न आणि इंग्रज अधिकाऱ्यांची अपमानास्पद वागणूक ही त्याची कारणे होती. हा उठाव बघता बघता अनेक बंदरांत पसरला. खलाशांच्या समितीचे अध्यक्ष एम. एस. खान होते आणि उपाध्यक्ष मदनसिंग होते. हिंदू, मुसलमान, शीख सारे खलाशी एकत्र आले होते. आपल्या माणसांना माणसासारखे वागवणारे अधिकारी नौदलाला हवे आहेत, हे या घटनेने सर्वांना कळून चुकले.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला आणि फाळणीही झाली. नौदलाचीही वाटणी झाली. काल एका जहाजावर जेवणारे खलाशी दोन देशांचे झाले. आपली ‘गोदावरी’ पाकिस्तानच्या वाट्याला गेली. सतलज, जमना, कृष्णा आणि कावेरी या नद्यांच्या नावांच्या युद्धनौका भारताकडे राहिल्या.

स्वतंत्र भारताच्या भूदलाला १९४९ साली भारतीय प्रमुख मिळाला आणि हवाई दलाला १९५४ साली. नौदलाचे प्रमुखपद मात्र १९५८ पर्यंत इंग्रज अधिकाऱ्यांकडेच होते. याचे कारण मागे वळून पाहिले की समजते. मोठा ताफा सांभाळायला वीस-पंचवीस वर्षांचा अनुभव लागतो, आणि इंग्रजांनी भारतीयांना अधिकारीपदावर घ्यायला फार उशिरा सुरुवात केली होती. भारतीय अधिकारी हा ताफा सांभाळू शकतील का, अशी शंका घेतली जात होती. त्या शंकेला कामातूनच उत्तर द्यायला हवे होते.

ते उत्तर देण्याची जबाबदारी कटारींवर येऊन पडली. २ ऑक्टोबर १९५६ रोजी ते भारतीय आरमाराच्या ताफ्याचे प्रमुख झाले. या जागेवर बसलेले ते पहिले भारतीय. पुढे २२ एप्रिल १९५८ रोजी, व्हाइस ॲडमिरल या हुद्द्यावर, त्यांनी इंग्रज अधिकारी कार्लिल यांच्याकडून नौदलप्रमुखपदाची सूत्रे घेतली. युद्धापुरता बोलावलेला राखीव अधिकारी साऱ्या नौदलाचा प्रमुख झाला. तेव्हा त्यांचे वय सेहेचाळीस वर्षांचे होते.

त्यांच्या काळात नौदलाला ‘विक्रांत’ हे पहिले विमानवाहू जहाज मिळाले. ४ मार्च १९६१ रोजी ते नौदलात दाखल झाले आणि त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला मुंबईत आले. विक्रांतवर ‘अलिझे’ नावाची विमाने होती. त्यांचे मुख्य काम पाणबुड्या शोधणे हेच होते. ज्या कामात कटारींनी तरुणपणी युद्धाचे दिवस काढले, ते काम आता आकाशातूनही होऊ लागले.

डिसेंबर १९६१ मध्ये गोवा, दमण आणि दीव पोर्तुगिजांच्या ताब्यातून मुक्त करण्यात आले. भूदल आणि हवाई दलाबरोबर नौदलही या मोहिमेत होते. ‘बेतवा’ आणि ‘बियास’ या युद्धनौकांनी मुरगाव बंदरात पोर्तुगीज युद्धनौकेशी लढाई करून तिला निकामी केले. कारवारजवळच्या अंजदीव बेटावर नौसैनिक उतरले. तिथे सात नौसैनिकांना वीरमरण आले. स्वतंत्र भारताच्या नौदलाची शत्रूच्या युद्धनौकेशी ही पहिली लढाई. त्या वेळी नौदलाचे नेतृत्व कटारींकडे होते.

जून १९६२ मध्ये ते निवृत्त झाले. त्यांच्या जागी भास्कर सदाशिव सोमण हे मराठी अधिकारी नौदलप्रमुख झाले. आता या पदावर भारतीय माणूस असावा की नाही, असा प्रश्न कोणी विचारत नव्हते.

निवृत्तीनंतरही कटारी स्वस्थ बसले नाहीत. ते ब्रह्मदेशात भारताचे राजदूत होते. आंध्र प्रदेशच्या राज्य परिवहन महामंडळाचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले. समुद्रावर ताफे नेणारा हा माणूस रस्त्यावरच्या एसटी गाड्यांचे कामही तितक्याच मनापासून पाहू लागला. २१ जानेवारी १९८३ रोजी त्यांचे निधन झाले.

कटारींच्या चरित्रात एका दिवसात घडलेला चमत्कार नाही. नौदलाचे दार बंद दिसले, तेव्हा ते रडत बसले नाहीत. नदीचा तळ मोजू लागले. युद्धापुरते बोलावले, तेव्हा काम युद्धापुरते केले नाही. पाणबुडी शोधण्याची अवघड विद्या मुळापासून शिकून घेतली. म्हणून इतर घरी गेले तेव्हा देशाला त्यांची गरज उरली. समुद्र नसलेल्या प्रदेशातली मुलेसुद्धा समुद्रावर हुकूम देऊ शकतात, हे त्यांनी आपल्या कामाने दाखवून दिले. आपल्या वर्गातही असे कोणी बसलेले असेल.

शब्दार्थ
राखीव – गरज पडेल तेव्हासाठी बाजूला ठेवलेला
नांगरणे (जहाज) – लोखंडी नांगर टाकून जहाज एका जागी थांबवणे
गाळ – पाण्याबरोबर वाहत आलेली माती
ताडणे – अंदाजाने ओळखणे
बाही – सदऱ्याचा हाताचा भाग, आस्तीन
गुंफलेला – एकमेकांत विणलेला
ताफा – एकत्र जाणाऱ्या जहाजांचा समूह, काफिला
प्रतिध्वनी – आपटून परत आलेला आवाज
निकृष्ट – हलक्या प्रतीचे
सूत्रे घेणे – कारभार हाती घेणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) डफरिन जहाज मुंबईत कोठे नांगरलेले होते?
(आ) कटारींनी युद्धापूर्वी कोणते काम केले?
(इ) यू-१९८ ही पाणबुडी कोणत्या दिवशी बुडाली?
(ई) कटारींच्या नंतर नौदलप्रमुख कोण झाले?

२. चार-पाच ओळींत उत्तरे लिहा.
(अ) राखीव अधिकारी आणि नियमित अधिकारी यांच्यात काय फरक होता?
(आ) ॲस्डिकने पाणबुडी शोधणे अवघड का होते?
(इ) १९५८ पर्यंत नौदलप्रमुख इंग्रजच का होते?

३. गणित करून पाहा.
पाण्यात सोडलेला आवाज चार सेकंदांनी परत आला, तर वस्तू सुमारे किती अंतरावर आहे?

४. वाक्यात उपयोग करा.
धाव घेणे, माग काढणे, कळून चुकणे, वाट्याला येणे

५. पाठातील जहाज, हुकूम, तलवार, दारू, कारखाना या शब्दांपैकी पाठात न आलेला शब्द ओळखा. उर्दूत आणि मराठीत सारखे असलेले आणखी पाच शब्द पाठातून शोधून लिहा.

६. उपक्रम
भारताच्या नकाशात मुंबई, कोलकाता, हैदराबाद, मुरगाव आणि परभणी ही ठिकाणे दाखवा. गोदावरी नदी उगमापासून समुद्रापर्यंत रेखाटा.